ढाळ, पाचर आणि चौथा पाय

गेले तीन वीकेंड मी हॉलमध्ये पालथा पडून काढले. एक गाल फरशीला टेकलेला, हातात मोबाईलचा टॉर्च आणि नजर रॅकच्या पायाखाली. पहिल्या शनिवारी बायकोने विचारलं, "काही हरवलंय का?" दुसऱ्या शनिवारी तिने विचारणंच सोडून दिलं.

झालं असं की, बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी संध्याकाळी घरातल्या घरात वीस मिनिटं चालायला सांगितलंय, वॉकर घेऊन. आणि संध्याकाळ म्हणजे बाबांची रेकॉर्ड ऐकायची वेळ. हे गेली चाळीसेक वर्षं ठरलेलं आहे. आता वॉकर टेकवत टेकवत बाबा रॅकपाशी आले की टर्नटेबलची सुई उडायची. भीमसेन तान घेतायत, सम आलीच आता, आणि खट्ट... परत मागचीच तान! बाबा यावर चकार शब्द बोलले नाहीत. एक दिवस बाई म्हणाल्या, गुडघा अजून हवा तेवढा वाकत नाहीये, आजोबा रोज चालतात ना? तेव्हा आईने सांगून टाकलं, "कसले चालतायत! रेकॉर्ड लावली की हे खुर्चीतून उठतच नाहीत."

म्हणजे चालणं की गाणं यात बाबांनी गुपचूप गाणं निवडलं होतं. गुडघा मात्र त्याची किंमत मोजत होता.

रॅक उभा आहे ती जागा मुळात गॅलरी होती. पुण्यातल्या अर्ध्या फ्लॅटांसारखी आम्हीही ती हॉलमध्ये घेतली. गॅलरीला ढाळ असतोच, पावसाचं पाणी भोकाकडे जायला हवं म्हणून. कॉन्ट्रॅक्टरने भोक बुजवलं आणि जुन्या फरशीवरच नव्या टाइल्स चिकटवल्या. ढाळ जिथल्या तिथे! आता पाणी येत नाही, पण खाली पडलेली गोटी अजूनही इमाने इतबारे त्या बुजवलेल्या भोकाकडे जाते.

तेव्हा निदान सोपं वाटलं. जमीन उतरती, म्हणून रॅक तिरका, म्हणून सुई उडते. मोबाईलमधलं लेव्हल दाखवणारं ॲप काढलं, फोन टर्नटेबलवर ठेवला आणि पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारल्या. तासाभराने शून्य अंश दिसले. मग फोन उलट दिशेला फिरवून ठेवला तर भलताच आकडा! मागे कॅमेऱ्याचा उंचवटा आहे, त्यामुळे फोन स्वतःच तिरका बसत होता. (हसा.) शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून दोन फुटी स्पिरिट लेव्हल आणली. ही घेताना एक करा. बुडबुडा मध्ये आला की लेव्हल तिथेच एकशे ऐंशी अंशात फिरवून परत ठेवा. बुडबुडा मध्येच राहिला तर वस्तू चांगली, नाहीतर तिच्यावर भरवसा ठेवू नका.

जमिनीवर ती आडवी धरली आणि उतरत्या टोकाखाली ड्रिलची बिट्स सरकवून पाहिली. सहा मिलिमीटरचं बिट घातल्यावर बुडबुडा बरोब्बर मधोमध आला. साठ सेंटिमीटरला सहा मिलिमीटर, म्हणजे शंभरास एक. सुताराकडून सागवानी पाचरी आणल्या, ठोकल्या, आणि टर्नटेबल अगदी पाण्यासारखं सपाट करून टाकलं. बाबांना म्हटलं, "आता चाला."

बाबा चालले. खट्ट.

मी हिरमुसलो. आणि मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, कागद-पेन्सिल घेतली. सुईवरचं वजन २ ग्रॅम. शंभरास एक उतार म्हणजे सुई बाजूला ओढणारं बळ साधारण ०.०२ ग्रॅमचं. रेकॉर्ड फिरताना घर्षणामुळे टोनआर्म आपणहून आत ओढला जातो, आणि ते सावरायला अँटी-स्केटिंगची कळ लावतात ती २ ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे उताराचं पाप त्याच्याही दहावा भाग! सपाट असावं हे खरंच, पण सुई उडते ती तिरकेपणामुळे नाही, धक्क्यामुळे. इतके दिवस मी बुडबुड्याच्या मागे लागलो होतो, आणि रॅक सपाट असणं आणि रॅक पक्का असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यातच आलं नाही.

बरं, मी स्वतः रॅकसमोरून चाललो, नाचलो, उड्या मारल्या. काही नाही! "माझ्याकडे तर चालतंय" हे वाक्य ऑफिसात आम्ही टेस्टरला किती सहज ऐकवतो. आज मी ते बाबांना ऐकवणार होतो, थोडक्यात वाचलो. मग त्यांचाच वॉकर घेतला आणि त्यांच्याच वाटेने गेलो, म्हणजे आधार हाताशी असावा म्हणून भिंतीच्या कडेने. खट्ट. एकाच ठिकाणी, दर वेळी.

खाली बसून रुपयाच्या नाण्याने टाइल्स वाजवल्या. बाकीच्यांचा आवाज खणखणीत आणि तिथल्या एकीचा बद्द. पोकळ! गवंडीकाकांना बोलावलं. त्यांनी नुसता पाय ठेवला आणि म्हणाले, "साहेब, खाली माल पूर्ण भरलाच नाही. चार कोपऱ्यांत आणि मधे गोळे ठेवून वरून टाइल दाबलीय." त्या दोन बाय दोनच्या टाइलच्या एका टोकावर वॉकरचा पाय पडायचा आणि दुसऱ्या टोकावर आमच्या रॅकचा पाय उभा होता. टाइल केसभर हलायची, दिसायचीही नाही. पण रॅकच्या पायांतलं अंतर चाळीस सेंटिमीटर आणि उंची पंचाहत्तर. खाली पाय एक मिलिमीटर उचलला की वर टर्नटेबल जवळपास दोन मिलिमीटर झोका घेणार. वर वेल्डिंग केलेल्या लोखंडी रॅकचे चारही पाय एका पातळीत नव्हतेच. तीन पाय भार घेत होते, चौथा नुसता हजेरी लावून होता, आणि माझ्या पाचरींनी त्याला आणखीच अधांतरी केलं होतं.

तिपाई कधी डुगडुगत नाही, कारण कुठलेही तीन बिंदू एका पातळीत येतातच. म्हणून एक पाय कापून टाकायचा विचारही आला. पण बाबा चालताना रॅकचा कोपरा धरतात. नेमका बिनपायाचा कोपरा धरला तर रॅक अंगावर येईल. तेव्हा चार पायच ठेवले.

टाइल काढून खाली पूर्ण माल भरून परत बसवली. दोन दिवस तिच्यावर कोणी पाय ठेवायचा नाही असं बजावलं (मोडला तो मीच). फॅब्रिकेटरकडून पायांत नट वेल्ड करून त्यात एम-एटचे बोल्ट घातले. या बोल्टचा एक फेरा म्हणजे सव्वा मिलिमीटर, तेव्हा चाळीस सेंटिमीटरमधला चार मिलिमीटरचा ढाळ जेमतेम सव्वातीन फेऱ्यांत निघाला. ॲम्प्लिफायर आणि रेकॉर्ड सगळ्यात खालच्या फळीवर ठेवल्या, वजन जेवढं खाली तेवढं बरं. लेव्हल करायची ती सगळं सामान चढवल्यावर, आणि बघायची ती फळीवर नाही, टर्नटेबलच्या तबकडीवर, आडवी आणि उभी दोन्ही. आधी तीन पायांवर बुडबुडा मधे आणला. मग चौथ्या बोल्टखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून तो हळूहळू खाली सोडला. पट्टी ओढून निघेना झाली की थांबायचं. त्यापुढे अर्धा फेरा जरी दिला तरी शेजारचा पाय उचलला जातो. मग चेकनट आवळले आणि वरची फळी एल अँगलने भिंतीला धरली. भिंतीतून कंपनं येतात म्हणून हे करू नये असं म्हणणारे आहेत. असतील. आमच्या भिंतीपलीकडे कोणी चालत नाही आणि बाबा मात्र रॅकला धरतात.

रविवारी संध्याकाळी मी काही न बोलता भीमसेनांची रेकॉर्ड लावून दिली. बाबा खुर्चीत. आईने वॉकर समोर आणून ठेवला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रॅककडे, आणि उठले. भिंतीच्या कडेने निघाले. त्या टाइलपाशी आल्यावर वॉकर किंचित थबकला, मग टेकला. तान पुढे गेली, सम आली. बाबा चालत राहिले, मी पुन्हा सवयीने पालथा होऊन पट्टी तपासत होतो.

एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची असते हे इतक्या वर्षांत माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. सुई उचलायला बाबा स्वतःच रॅकपाशी आले, एका हाताने कोपरा धरून रेकॉर्ड उलटली.

"ही बाजू मात्र बसून ऐकणार आहे," म्हणाले. "तू ऊठ आता जमिनीवरून."