पांढऱ्या अस्वलाचा डोंगर

न्यूफाउंड गॅप या खिंडीपासूनचा सात मैलांचा घाटरस्ता वाहनतळाशी संपतो. पुढे अर्धा मैल पायी. वाट डांबरी असली तरी चढ असा खडा, की गप्पा आपोआप बंद होतात. कडेला फ्रेझर फरची वाळलेली खोडं उभी आहेत. युरोपातून आलेल्या एका बारीक किडीने हे जंगल पोखरलं. माथ्यावर, २,०२५ मीटरवर, १९५९ सालचा काँक्रीटचा मनोरा. अर्धवट सोडलेल्या उड्डाणपुलासारखा. मला काही तो आवडला नाही.

अमेरिकेतल्या टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरचा हा कुवोही डोंगर. इथले मूळ रहिवासी चेरोकी सांगतात, इथे डोंगराच्या पोटात अस्वलांचं सभागृह आहे. अस्वलांचा मुखिया पांढरा, आणि हिवाळ्यात गुहेत शिरण्याआधी सगळी अस्वलं इथे जमून नाचतात. ही अस्वलं मुळात माणसंच. अनीत्सागुही कुळातला एक मुलगा दिवसभर रानात हिंडायचा, घरी जेवेनासा झाला, अंगावर केस येऊ लागले. रानात पोटभर मिळतं, तुम्हीही चला, म्हणाला. कुळाने सात दिवस उपास केला आणि सगळेच निघाले. समजूत घालायला आलेल्यांना ते म्हणाले, भूक लागली की आम्हाला हाक मारा, आमचं मांस तुम्हाला देऊ. हाक मारायची गाणीही शिकवून गेले. शिकारीचं इतकं ऋण मानणारी गोष्ट मी दुसरी ऐकलेली नाही.

१८३८ साली अमेरिकी सैन्याने चेरोकींना घराबाहेर काढून पश्चिमेला हाकललं. वाटेत हजारो मेले. काही जण याच डोंगररांगांत लपले. ओकोनालुफ्ती नदीकाठच्या काहींना आपल्या जागी राहता आलं. त्यांचे वंशज आजही पायथ्याशी क्वाला बाउंड्री या त्यांच्या जमिनीवर आहेत.

१८५९ मध्ये भूगोलतज्ज्ञ आर्नल्ड गियो यांनी शिखराला थॉमस क्लिंगमन यांचं नाव दिलं. हे सिनेटर पुढे यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेचे सेनानी झाले. पूर्वेकडच्या चेरोकींनी मागणी लावून धरली, तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये कुवोही हे नाव अधिकृतपणे परत आलं. १६५ वर्षं लागली, हे फार झालं.

जाणार असाल तर आधी पायथ्याच्या चेरोकी गावातलं संग्रहालय पाहा, मग वर चढा. आणि डिसेंबर ते मार्च जाऊ नका. तेव्हा वरचा रस्ता मोटारींना बंद असतो.