हाऊटनच्या हिरवळीवरील शंभर देह

इंग्लंडच्या नॉर्फक परगण्यातील हाऊटन हॉल हा प्रासाद रॉबर्ट वॉलपोल या पहिल्या पंतप्रधानांनी अठराव्या शतकात उभारला. उद्यान प्रशस्त व्हावे म्हणून तेथील गावच उठवून बाहेर वसविण्यात आले. त्यांनी हौसेने जमविलेली चित्रे मात्र घरात टिकली नाहीत. १७७९ साली ती रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीन यांच्याकडे गेली.

याच भूमीवर २०२४ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत अँटनी गॉर्मली यांच्या शंभर लोखंडी मानवाकृती उभ्या होत्या. शिल्पकाराने स्वतःच्याच देहाचे साचे घेऊन त्या ओतलेल्या. सुमारे ३०० एकरांत विखुरलेल्या या आकृतींना नियम एकच: सर्वांची पातळी समान. जमीन उंचावली तेथे आकृती गुडघ्यापर्यंत, कोठे छातीपर्यंत पुरलेली. जमीन उतरली तेथे काँक्रीटच्या स्तंभावर, क्वचित चार मीटर उंच. चालणाऱ्याच्या पायांना न जाणवणारा भूमीचा चढउतार या मस्तकांच्या रांगेमुळे डोळ्यांना दिसे. गंज पुसलेला नव्हता, तेच योग्य. उंच स्तंभांवरील आकृती किंचित नाटकी वाटत. मन वेधून घेत त्या पुरलेल्याच.

गॉर्मली तरुणपणी भारतात राहून सत्यनारायण गोएंका यांच्याकडे विपश्यना शिकले. हात बाजूला सोडून निश्चल उभा असलेला हा देह पाहून जैन वाचकास कायोत्सर्ग आठवेल. मात्र येथे कोणी पूज्य नाही, कोणाचे नावही नाही. गाव हलवून सपाट, देखण्या केलेल्या त्या हिरवळीवर, अर्ध्या पुरलेल्या आकृतीशी दृष्टी मिळवायची तर पाहुण्याला वाकावे लागे.