आजीनं बादलीला लाथ मारली

एक माणूस हॉटेलात शिरतो आणि पाणी मागतो. गल्ल्यावरचा मालक पाण्याऐवजी त्याच्यावर बंदूक रोखतो. माणूस 'थँक्यू' म्हणतो आणि निघून जातो. असं का?

जगभर फिरलेलं हे कोडं एका उन्हाळी सुटीत भंडारा जिल्ह्यात साकोली तालुक्यातल्या मुलांसमोर आलं. घालणारा मीच. नियम एकच : प्रश्न कितीही विचारा, उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. अशा आडवाटेच्या विचाराला 'लॅटरल थिंकिंग' हे नाव माल्टात जन्मलेल्या एडवर्ड द बोनो या डॉक्टरनं १९६७ साली रूढ केलं, हेही ऐटीत सांगून झालं. ते कुणी मनावर घेतलं नाही.

सातवीतला एक जण म्हणाला, "उचकी लागली असन त्याले." उत्तर बरोबर. दचकलं की उचकी थांबते म्हणतात, म्हणून बंदूक. पण त्याचं समाधान होईना. "बंदूक काहून जी? त्याची माय आठवन करत असन. मायचं नाव घेतलं का उचकी बंद!" सगळी पोरं त्याच्या बाजूनं. हॉटेलवाला बिनडोक ठरला.

मग लिफ्टचं कोडं. दहाव्या मजल्यावर राहणारा माणूस रोज लिफ्टनं सातव्यापर्यंतच जातो आणि पुढं जिना चढतो. पाऊस असला की मात्र थेट दहाव्यावर. पुस्तकातलं उत्तर असं, की तो बुटका आहे, वरच्या बटणाला हात पुरत नाही, पावसात छत्रीच्या टोकानं बटण दाबतो.

"सातव्यावर लाइट जाते का जी?" एका मुलीनं विचारलं.

"नाही."

"मंग तिथं त्याची बहीन राहत असन. चहा पिऊन जाते."

"आणि पावसात?"

"पावसात रोवना असते. बहिनीले टाइम कुठं?"

रोवना म्हणजे भातलावणी. धानाच्या जिल्ह्यात यावर उलटतपासणी शक्य नव्हती. साकोलीच्याच डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी ज्या झाडीबोलीचा शब्दकोश केला, तिच्यातली ही उत्तरं पुस्तकातल्यापेक्षा सरस होती, असं माझं मत.

इंग्रजी वाक्प्रचारांचं प्रकरण अधिक अवघड. कोडं निदान 'मी कोडं आहे' असं सांगून येतं. एका शिक्षिकेनं 'किक द बकेट' म्हणजे मरणं, असं शिकवलं. पुढच्याच निबंधात एका मुलानं लिहिलं, 'माय ग्रँडमदर किक्ड द बकेट यस्टरडे.' मॅडमनी त्याला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, घरी कोण कोण आलंय ते विचारलं. पोरगं गोंधळलं. "कोनी नाही आलं. आजी बजारात गेली." भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं. आजीच्या माहेरची जड पितळी बादली अंगणात होती आणि अंधारात आजीचा पाय तिच्यावर आदळला होता. अंगठा टम्म सुजला. बादलीवर ओरखडाही नाही. वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती, त्यामुळं गुण कापायचे कशाचे, यावर शिक्षकांत बराच वेळ काथ्याकूट झाला.

झाडीबोलीच्या या मुलखात, म्हणजे झाडीपट्टीत, दिवाळीनंतर रात्रभर नाटकं चालतात. लाखांदूरकडच्या एका हौशी नटाला पुण्याच्या मित्रानं प्रयोगाआधी 'ब्रेक अ लेग' असा मेसेज पाठवला. इंग्रजी रंगभूमीवर ही शुभेच्छाच. नटाच्या आईला नातीनं त्याचा शब्दशः अर्थ सांगितला. त्या वर्षी मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचं, आवतण पुण्याला गेलं नाही.

उलट दिशेनंही गंमत होते. गणितानं नाकी नऊ आणले, हे एकानं 'मॅथ्स ब्रॉट नाइन टू माय नोज' असं लिहिलं. मला ते इंग्रजीत रुजावं असं वाटतं.

पोरांना कोडी घालायची तर बंदूक नि लिफ्ट कशाला, इथलीच घालावीत. हे घ्या : एक जण भंडारा रोड स्टेशनावर उतरला, दुसरा तुमसर रोडला. दोघंही योग्य गाडीनं, योग्य स्टेशनावर. तरी बाहेर आल्यावर ना पहिला भंडाऱ्यात होता, ना दुसरा तुमसरात. कसं? बाहेरगावच्या वाचकांसाठी उत्तर : पहिलं स्टेशन वरठीत आहे, दुसरं देव्हाडीत.