अहो, त्या ब्राउझरला विचारून तर बघा!

थांबा थांबा, हातातलं काम ठेवा बाजूला! कॉम्प्युटरवर क्रोम उघडा आणि एफ १२ दाबा. (मॅकवाल्यांनी कमांड, ऑप्शन आणि जे, तिन्ही एकदम.) घाबरू नका, काही मोडत नाही! एक खिडकी उघडेल, तिच्यात 'कन्सोल' लिहिलेलं दिसेल, त्यावर क्लिक करा. ही जागा खरं तर प्रोग्रामर लोकांची. मी त्यातली नाही. माझी झेप लाइटबिल भरण्यापर्यंत! पण भाचीने इथे एक ओळ टाइप करून दाखवली आणि तेव्हापासून घरातले जेवायला हाका मारून दमलेत!

ती ओळ अशी: इंटल, टिंब, डेटटाइमफॉरमॅट, रिकामा कंस, टिंब, रिझॉल्व्ह्डऑप्शन्स, पुन्हा रिकामा कंस. सगळं इंग्रजीत, जागा न सोडता, आणि आय, डी, टी, एफ, ओ ही अक्षरं कॅपिटल. एंटर! आणि ब्राउझर चक्क स्वतःची माहिती सांगायला लागतो! भाषा? अमेरिकन इंग्रजी. कालगणना? ग्रेगोरियन. घड्याळ? एशिया, कॅलकटा! कॅलकटा!! २००१ मध्ये शहराचं नाव कोलकाता झालं, आणि माझा क्रोम अजून जुनंच धरून बसलाय! आणि अमेरिकन कशाला? मी साताऱ्यात, तो साताऱ्यात! तरीच तारखेत महिना आधी!

आणि मग भाची म्हणाली, "मावशी, आता त्याला मराठीत विचार." न्यू, इंटल टिंब नंबरफॉरमॅट, कंसात अवतरणचिन्हांमध्ये एमआर-आयएन, म्हणजे भारतातली मराठी, मग टिंब, फॉरमॅट आणि कंसात एक ते आठ आकडे सलग. एंटर! १,२३,४५,६७८! देवनागरीत! स्वल्पविराम कोटी-लाखांच्या हिशेबाने! मी कुठे सांगितलं होतं देवनागरी? त्याला ठाऊकच होतं! आणि मग एमआरच्या जागी हिंदीचं एचआय टाकलं, तर स्वल्पविराम तिथेच पण आकडे इंग्रजी! आणि मग नेपाळी, तर पुन्हा देवनागरी! आणि मग जर्मन, तर स्वल्पविरामांच्या जागी टिंबं! आणि मग थायलंडला २०२५ सालची तारीख विचारली तर म्हणे २५६८, कारण तिथे बुद्ध संवत, आणि मग मी खुर्चीतून उठलेच!

हे सगळं याला सांगितलं कुणी? तर सीएलडीआर नावाचं एक भलंमोठं कोठार आहे, युनिकोडवाले सांभाळतात, पहिली आवृत्ती २००३ची. कुठल्या भाषेत महिन्यांची नावं काय, आकडे कसे, आठवडा कधी सुरू, सगळं त्यात! जगभरातली माणसं त्यात आपापल्या भाषेची माहिती भरतात, पटलं नाही तर मतदान करतात! आपल्या फोनमध्येही तेच. यापुढचं मला विचारू नका, मला येत नाही.

पण हे ऐका! न्यू, इंटल टिंब लोकॅल, कंसात पुन्हा आपलं एमआर-आयएन, मग टिंब, गेटवीकइन्फो, रिकामा कंस. हे आठवड्याबद्दल. (इथे एल, डब्ल्यू आणि दुसरा आयही कॅपिटल. हो, मी पाठ केलंय!) उत्तरात सुट्टीचा वार फक्त सात, म्हणजे रविवार! एकच! अमेरिकेला विचारा, सहा आणि सात! म्हणजे या कोठाराच्या मते भारतात शनिवारी काम! कुणीतरी हे ठरवून लिहून ठेवलंय हो! आयटीवाल्या पुतण्याला दाखवलं, तो हसला नाही.

आणि शेवटचं, अगदी शेवटचं. डेटटाइमफॉरमॅटच्या कंसात एमआर-आयएनला यू-सीए-इंडियन अशी शेपटी जोडली की ब्राउझर शक संवत बोलतो! आपलं पंचांग नव्हे, तिथी नाहीत, ही २२ मार्च १९५७ पासूनची भारत सरकारची दिनदर्शिका. मी दिली १ मे १९६०. देताना मे म्हणजे चार लिहायचं, कारण इथे जानेवारीला शून्य म्हणतात! (का? मला काय ठाऊक!) उत्तर आलं: अकरावा दिवस, दुसरा महिना, १८८२. म्हणजे महाराष्ट्र जन्मला ११ वैशाख शके १८८२ला! दुसरा महिना म्हणजे वैशाखच ना!

तेवढं एक सांभाळा: अनोळखी माणसाने पाठवलेली ओळ कन्सोलमध्ये चिकटवू नका. क्रोमसुद्धा अडवतो. हाताने टाइप करा, चुकलं तर लाल अक्षरांत ओरडतो, बाकी काही करत नाही. आणि आता पहिली तुमची जन्मतारीख टाका. चला, एफ १२!