कांगारू बेटावरील एकिडना

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यासमोर कांगारू बेट आहे. अॅडलेडहून मोटारीनें केप जर्व्हिसला जावें, तेथून पाऊण तास बोटीनें सामुद्रधुनी ओलांडावी, म्हणजे पेनेशॉ गांवीं उतरतां येतें. बेट सुमारें १५० किलोमीटर लांब, वस्ती विरळ. प्रवासी येतात ते समुद्रसिंह व कांगारू पाहण्यास. प्रस्तुत लेखकाची ओढ मात्र एका कांटेरी, ओबडधोबड प्राण्याकडे होती. त्याचें नांव एकिडना.

त्याला पाहतांच साळिंदराची आठवण होते. परंतु दोघांचें नातें कांट्यांपुरतेंच. याला दांत नाहींत. नळीसारख्या तोंडांतून जवळजवळ वीतभर चिकट जीभ निघते आणि मुंग्या व वाळवी टिपते. मागचीं पावलें उलटीं! आपल्याकडे उलटीं पावलें भुताचीं मानतात; या बिचाऱ्याला तीं माती उकरण्यास उपयोगी पडतात. भय वाटलें तर तो पळत नाहीं. चारी पायांनीं खालची माती बाजूस सारीत जागच्या जागीं रुततो, वर केवळ कांटे राहतात.

आपल्या पूर्वजांनीं जीवांचे जरायुज, अंडज, स्वेदज व उद्भिज्ज असे चार वर्ग केले. याला कोठें बसवावें? अंडज म्हणावें तर पिलूं आईच्या दुधावर वाढतें; जरायुज म्हणावें तर तें अंड्यांतून निघतें. पाश्चात्य पंडितांचीहि हीच अडचण झाली. जॉर्ज शॉ यांनीं १७९२ त याचें वर्णन प्रसिद्ध केलें. जन्माचा निर्णय होण्यास आणखी ९२ वर्षें लागलीं. २ सप्टेंबर १८८४ रोजीं विल्हेल्म हाके यांनीं अॅडलेडच्या विद्वत्सभेपुढें एक अंडें मांडलें. तें याच बेटावरील मादीच्या पोटाच्या पिशवींत सांपडलें होतें. योगायोग असा कीं, त्याच दिवशीं कॅनडांत माँट्रिऑलच्या सभेंत कॉल्डवेल यांची क्वीन्सलंडहून आलेली तार वाचली गेली. तिचा आशयहि तोच!

तेथील हिवाळ्यांत, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमारास, एका मादीमागें कित्येक नर आगगाडीच्या डब्यांसारखे रांगेनें चालतात. पुढें मादी बोराएवढें एकच अंडें पिशवींत घालते. दहा दिवसांनीं घेवड्याच्या दाण्याएवढें पिलूं निघतें. आईला स्तनाग्रें नसतात; कातडींतून पाझरणारें दूध तें चाटतें. सुमारें पन्नास दिवसांनीं त्यास कांटे फुटूं लागतात. मग आई त्याला बिळांत ठेवते, तोंड मातीनें बुजविते, आणि पांचसहा दिवसांनीं एकदां येऊन पाजून जाते. हें ऐकून आमच्या सूनबाईंचा जीव कासावीस झाला.

असें एक पिलूं, तेंहि दरवर्षीं नाहीं. म्हणून प्रत्येक मृत्यु येथें जड जातो. २०१९-२० च्या वणव्यांत जवळजवळ अर्धें बेट जळालें. आग आली कीं एकिडना बिळांत वा पोकळ ओंडक्यांत शिरून देह थंड करतो व निपचित पडतो. ही युक्ति पुष्कळदां सफल होते. रानमांजरें पिलांना खातात. पण मोटारीपुढें जागच्या जागीं बसण्याची युक्ति फसते, आणि रस्त्यावर एखादी मादी मेली कीं बिळांतील बंदिस्त पिलूंहि गेलें.

परतीच्या वाटेवर आमच्या चालकानें एकाएकीं गाडी थांबविली. पुढें एक एकिडना डांबरी रस्ता ओलांडीत होता. मागें आणखी दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. कोणीं कर्णा वाजविला नाहीं. मध्यावर त्यानें थांबून नाक वर केलें, हुंगलें, आणि डुलत डुलत झुडपांत शिरला.