बदल्यांचे प्रस्ताव

एप्रिल उजाडला की शासकीय कार्यालयांतील कुजबुजीला एक निराळाच सूर लागतो. कोण कोठे जाणार, कोणाची शिफारस कोणाकडून आली, कोणाचे नाव यादीत चढले आणि कोणाचे गळले, याखेरीज चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसतो. मध्य प्रदेश शासनाच्या सेवेतील आमची बहुतेक वर्षे स्थापना शाखेत, म्हणजे याच याद्या तयार करण्यात गेली. निवृत्तीबरोबर तो विषय संपला असे आम्ही धरून चाललो होतो. परंतु २०२४-२५ च्या हिवाळ्यात मुलाकडे कॅलिफोर्नियात पाच महिने राहण्याचा योग आला आणि तेथे चौदा वर्षांच्या नातवाने एक वही आमच्यापुढे ठेवली. वहीत बदल्यांचे प्रस्ताव होते!

वही बास्केटबॉलची होती. मुलाचे घर फॉलसम येथे, सॅक्रॅमेंटोपासून जवळच; आणि सॅक्रॅमेंटोचा 'किंग्ज' हा व्यावसायिक संघ म्हणजे त्या साऱ्या पंचक्रोशीचा जिव्हाळ्याचा आणि तितकाच डोकेदुखीचा विषय. एनबीए या तेथील साखळीत तीस संघ आहेत. त्यांपैकी किंग्जला २००६ नंतर थेट २०२३ पर्यंत बाद फेरीचे तोंड दिसले नव्हते. सलग सोळा हंगामांचा असा दुष्काळ त्या साखळीत दुसऱ्या कोणत्याही संघाने भोगलेला नाही. विजेतेपद काय ते एकदाच, १९५१ साली, आणि तेही संघ रॉचेस्टर या शहरी असताना. तेथून सिनसिनाटी, मग कॅन्सस सिटी असे मुक्काम करीत तो १९८५ मध्ये सॅक्रॅमेंटोला आला. २०१३ मध्ये तो सिॲटलला निघालाच होता. पण संघमालकांच्या मतदानात २२ विरुद्ध ८ मतांनी ते स्थलांतर नामंजूर झाले. पुढे ज्या गटाने तो विकत घेतला त्याचे प्रमुख मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. हे आडनाव ऐकताच आमच्या सौभाग्यवतींनी, खेळाचा एकही नियम ठाऊक नसता, संघाचे पालकत्व स्वीकारले. "आपल्यातल्या माणसाचा संघ आणि असा हरतो?" ही त्यांची त्या पाच महिन्यांतील कायमची तक्रार होती.

आता हे प्रस्ताव म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. तेथे खेळाडूचा करार संघाशी होतो, आणि तो करार संघ दुसऱ्या संघाला देऊन टाकू शकतो. यास 'ट्रेड' म्हणतात. खेळाडूची संमती घ्यावी लागत नाही. फारच थोड्यांच्या करारात तशी अट असते. एका सकाळी माणूस एका गावाचा असतो आणि रात्री दुसऱ्या गावाचा. किंग्ज संघ सिनसिनाटीला असताना ऑस्कर रॉबर्टसन हा त्याचा सर्वश्रेष्ठ खेळाडू होता. १९७० मध्ये त्याला मिलवॉकीला देण्यात आले आणि पुढच्याच वर्षी तो तेथे विजेता झाला. याच रॉबर्टसनने खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणून १९७० मध्येच साखळीवर दावा लावला. १९७६ च्या तडजोडीनंतर करार संपल्यावर आपला संघ निवडण्याची वाट खेळाडूंना हळूहळू खुली झाली. करार चालू असताना मात्र त्याला कोठेही पाठविता येते, ते आजतागायत.

नियमांचे जंजाळ पाहून आम्हांस माहेरी आल्यासारखे वाटले. वेतनाची एक कमाल मर्यादा असते. ती ओलांडलेल्या संघाने जितक्या वेतनाचा माणूस द्यायचा, साधारण तितक्याच वेतनाचा घ्यायचा. आमच्याकडील समकक्ष पदाचीच ही आवृत्ती. वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झाल्याखेरीज बदली पक्की होत नाही. दरवर्षी नवोदित खेळाडूंची 'ड्राफ्ट' नावाची निवड होते, तीतील आपला क्रमांकही संघ दुसऱ्याला देऊ शकतो. परंतु १९८० च्या सुमारास क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी असे हक्क इतके उधळले, की लागोपाठच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क देऊन टाकण्यास पुढे बंदीच घालावी लागली. तो नियम आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. एखाद्या अधिकाऱ्याच्या प्रतापामुळे परिपत्रक निघावे आणि त्याचे नाव अजरामर व्हावे, असे आमच्याकडेही घडले आहे. नावे मात्र आम्ही गाळतो.

एका गोष्टीचे नवल वाटले. आमच्याकडे सर्वसाधारण बदल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत होतात, कारण मुलांच्या शाळा. वर्षाच्या मध्ये बदली झाली तर संबंधितांचे अर्ज मुलांच्या गुणपत्रिका जोडून येत. तिकडे ट्रेडची शेवटची मुदत फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, भर हंगामात आणि भर शालेय वर्षात. कोट्यवधी डॉलर मिळविणाऱ्यांची कसली कीव करायची, असे आमचा मुलगा म्हणाला. ते खरेच आहे. तरी चौथीतल्या मुलाला नव्या वर्गात उभे राहून नाव सांगावे लागते, ते बापाच्या वेतनावर अवलंबून नसते.

नातवाचे प्रस्ताव नीटनेटके होते. डावीकडे 'देणे', उजवीकडे 'घेणे', खाली दोन्हींच्या वेतनाची बेरीज. "आजोबा, बेरीज जुळते बघा," तो म्हणाला. आम्ही पूर्वानुभवाने पहिला प्रश्न विचारला, की हा मनुष्य तुम्हांला नको असेल तर त्यांना का हवा असेल? तो विचारात पडला. संघ खालावला की प्रेक्षक जे प्रस्ताव मांडतात त्यांतील बहुतेकांची गोम येथेच असते. आपली अडगळ देऊन दुसऱ्याचे रत्न घ्यायचे, आणि दुसरा गाढव आहे असे गृहीत धरायचे. आमच्याकडेही कामचुकार लिपिकाची बदली प्रत्येक साहेबास हवी असे. त्याच्या जागी येणारा मात्र हुशार, निर्व्यसनी आणि टंकलेखन जाणणारा हवा असे.

अर्थात दुसऱ्याला गाढव समजणाऱ्यांइतकेच स्वतः फसणारेही असतात. २०१५ च्या जुलैमध्ये किंग्जने वेतनात जागा करण्यासाठी तीन खेळाडू, पहिल्या फेरीचा एक हक्क, आणि पुढील दोन वर्षे निवडक्रम बदलून घेण्याची मुभा एवढे सारे फिलाडेल्फियाला दिले. बदल्यात मिळाले ते युरोपातील दोन तरुणांवरील हक्क. ते दोघेही एनबीएत कधी खेळले नाहीत. परिणामी २०१७ मध्ये किंग्जला लागलेला तिसरा क्रमांक फिलाडेल्फियाने घेतला आणि पाचवा किंग्जच्या पदरी आला. तो तिसरा क्रमांक पुढे बॉस्टनला गेला आणि तेथे जेसन टेटम घडला. पाचव्या क्रमांकावर किंग्जला डीॲरॉन फॉक्स मिळाला, हे त्यांचे नशीब. प्रस्ताव लिहिणाऱ्याचे त्यात कर्तृत्व नव्हे.

पण आमच्या मते या संघाचे दुखणे माणसांच्या निवडीपेक्षा निराळे आहे. सॅक्रॅमेंटो हे राज्याच्या राजधानीचे शहर असले तरी लॉस एंजेलिसची झगमग तेथे नाही. आपखुशीने कोणी मोठा खेळाडू तेथे येत नाही. १९९८ मध्ये मिच रिचमंडला वॉशिंग्टनला देऊन किंग्जने ख्रिस वेबरला आणले तेव्हा त्याचीही यायची इच्छा नव्हती. तो नाखुशीने आला, रमला, २००१ मध्ये सात वर्षांचा करार करून राहिला. आणि २००१-०२ मध्ये त्याच संघाने ६१ सामने जिंकले. पश्चिम विभागाच्या अंतिम लढतीत लेकर्सकडून सातव्या सामन्यात ते हरले, याची हळहळ आजही तेथील किराणा दुकानात ऐकू येते. आलेला माणूस रुजू द्यावा लागतो. रणदिवे यांच्या काळात २०१३ ते २०२५ या बारा वर्षांत हंगामी धरून आठ प्रशिक्षक झाले. त्यांतील मायकेल मेलोन यांना २०१४ च्या डिसेंबरात, ११ विजय आणि १३ पराभव एवढ्या हिशेबावर निरोप दिला गेला. त्यांनीच २०२३ मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिले. दर दीड वर्षाने साहेब बदलणाऱ्या कार्यालयात काय होते ते आम्ही पाहिले आहे. कोणी काम शिकत नाही. नव्या साहेबांची आवड तेवढी शिकतात.

या पार्श्वभूमीवर २०२२ च्या फेब्रुवारीतील ट्रेडचा विचार करावा. टायरीस हॅलिबर्टन हा २०२० च्या निवडीत बाराव्या क्रमांकावर आलेला, एकवीस वर्षांचा मुलगा. सॅक्रॅमेंटो आपल्याला आवडते, येथेच राहून हा संघ वर काढायचा आहे, असे तो उघड म्हणत असे. किंग्जने त्याला इंडियानाला दिले आणि मुख्यतः डोमांटास सॅबोनिस या उंचपुऱ्या लिथुएनियन खेळाडूला घेतले. कागदावर हा प्रस्ताव निर्दोष होता, हे आम्ही आमच्या व्यवसायाची शपथ घेऊन सांगतो. चेंडू खेळविणारे दोघे, फॉक्स आणि हॅलिबर्टन. आणि फळ्याखाली उभा राहणारा कोणी नाही. फळही लगेच मिळाले. २०२२-२३ मध्ये ४८ विजय, पश्चिमेत तिसरा क्रमांक, प्रत्येक विजयानंतर क्रीडागृहावरून आकाशात जांभळ्या प्रकाशाचा झोत! पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेटने सातव्या सामन्यात हरविले, त्यात स्टीफन करीने ५० गुण केले. तरी गावाची मान ताठ झाली होती. सॅबोनिस सलग तीन हंगाम रिबाउंडमध्ये साखळीत पहिला आला.

"म्हणजे ट्रेड बरोबर होता ना, आजोबा?" नातवाने विचारले. त्याला उत्तर देताना आम्ही त्याला एक जुनी हकिगत सांगितली. नव्वदीच्या दशकात झाबुआ जिल्ह्यात एक हँडपंप मेकॅनिक होता. तेथील नेमणूक म्हणजे शिक्षा अशीच तेव्हाची समजूत. हा मनुष्य मात्र भिली बोलायला शिकला होता, सायकलवरून फाळ्याफाळ्यांतून हिंडत असे, आणि कोणत्या पंपाचा वायसर किती दिवसांनी जातो हे त्याला तोंडपाठ होते. त्याच्या गावाजवळ जागा रिकामी झाली आणि एका वजनदार व्यक्तीच्या भाच्याला झाबुआतून सोडविण्यासाठी जी साखळी जुळविली गेली तीत याचेही नाव आले. त्याने स्वहस्ते अर्ज केला, की माझी बदली करू नये. आमच्या सेवेत 'घराजवळची जागा नको' असा हा एकच अर्ज आम्ही पाहिला. आम्ही टिपणीत लिहिले, की सदर कर्मचाऱ्यास आहे तेथेच ठेवणे जनहिताचे होईल. वरून आदेश आला तो बदलीचाच. समकक्ष पद, तेच वेतन, गृहजिल्हा. नियमाने बोट ठेवायला जागा नव्हती.

नातवाने काही न बोलता वही मिटली. तो मोठा झाल्यावर काय होईल ठाऊक नाही, पण ऐकतो चांगले.

आम्ही तेथे असतानाच पुढचा अध्याय घडला. २०२४ च्या डिसेंबरअखेर प्रशिक्षक माइक ब्राउन यांना काढण्यात आले. ज्यांना २०२३ मध्ये वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून एकमताने गौरविले होते, तेच हे. फेब्रुवारी उजाडताच डॅलसने लुका डॉन्चिचला लेकर्सला देऊन टाकले. वर्षापूर्वी ज्याने संघाला अंतिम फेरीत नेले त्यालाच, आणि त्याला स्वतःला चाहूलही नव्हती. त्या गदारोळातच किंग्जने फॉक्सला सॅन अँटोनियोला धाडले आणि शिकागोचा झॅक लव्हीन आणि पहिल्या फेरीचे तीन हक्क घेतले. फॉक्सला स्वतःलाच जायचे होते, तेव्हा त्याबद्दल आमची तक्रार नाही. जायचे म्हणणाऱ्याला धरून ठेवण्यात शहाणपण नसते. पण ज्याच्यासाठी जागा करायला हॅलिबर्टनला घालविले तोही तीन वर्षांत गेला. राहायचे म्हणणारा गेला आणि जायचे म्हणणाराही गेला. हंगामाअखेर ४० विजय, ४२ पराभव.

आम्ही इंदूरला परतलो. जून २०२५ मध्ये अंतिम फेरी इंडियाना आणि ओक्लाहोमा सिटी यांच्यात झाली आणि पहिला सामना हॅलिबर्टनने शेवटच्या सेकंदाच्या आत टोपली साधून जिंकून दिला. सातवा सामना आमच्याकडे सोमवारी भल्या पहाटे होता. पहिल्याच भागात तो टाचेची शीर धरून कोसळला आणि जमिनीवर हात आपटीत राहिला. इंडियाना हरले. थोड्या वेळाने नातवाचा फोन आला. सामन्याविषयी तो फार बोलला नाही. नव्या हंगामासाठी त्याने चार प्रस्ताव तयार केले होते, ते वाचून दाखविले. दोन बरे होते, एकात वेतन जुळत नव्हते, आणि चौथ्यात त्याने देण्याच्या रकान्यात एक नाव लिहून खोडले होते. का खोडले ते आम्ही विचारले नाही.

मग त्याने एकदम विचारले, "आजोबा, तुमचा तो पंपवाला परत गेला का हो तिकडे?"

"नाही," आम्ही म्हणालो. "त्याच्या जागी ज्याचा आदेश निघाला होता तो हजरच झाला नाही. ती जागा दोन उन्हाळे रिकामी होती."