वस्तू तीच, गोष्ट कोणाची?

१/
डिसेंबर २०२१ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक अनधिकृत फेरी सुरू झाली. तिला संग्रहालयाची परवानगी नव्हती. प्रेक्षकाने फोनवर इन्स्टाग्राम उघडून कॅमेरा ठरावीक वस्तूवर रोखला, की ती वस्तू मूळ भूमीतून कशी नेली गेली याचे दृश्य पडद्यावर त्या वस्तूभोवतीच उमटे.

२/
व्हाइस वर्ल्ड न्यूज आणि बेंगळुरूची डेंट्सू वेबचटनी यांनी तयार केलेल्या या फेरीचे नाव होते 'अनफिल्टर्ड हिस्ट्री टूर'. दहा वस्तू निवडलेल्या. रोझेटा शिळा, पार्थेनॉनची शिल्पे, बेनिनची ब्राँझ शिल्पे आणि आपल्याकडील अमरावतीची शिल्पे त्यांत होती. निवेदनाचा आवाज त्या त्या भूमीतील माणसांचा होता.

३/
या तंत्राला ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे संवर्धित वास्तव, म्हणतात. कॅमेरा वस्तूचा आकार ओळखतो आणि संगणकाने रचलेले चित्र नेमके तिच्यावर बसवतो. व्हर्च्युअल रिॲलिटीत भोवतालचे जग झाकले जाते. येथे मूळ वस्तू डोळ्यांसमोरच राहते, आणि म्हणूनच तिच्यावर चढवलेल्या चित्रावर मन सहज विश्वास ठेवते.

४/
याच तंत्राचा रोममधील उपयोग अगदी निराळा आहे. सम्राट ऑगस्टसच्या काळातील 'आरा पाचिस' ही शांतिवेदी इ.स.पू. ९ मध्ये अर्पण झाली. आज तिचा संगमरवर पांढरा दिसतो, पण मुळात ती रंगवलेली होती. २०१६ पासून तेथे रात्रीच्या विशेष फेऱ्यांत प्रेक्षक डोळ्यांना उपकरण लावत आणि समोरच्या शिल्पांवर निळे, तांबडे, सोनेरी रंग चढताना पाहत.

५/
रोमची वेदी रोममध्येच आहे. तेथील प्रेक्षकाला तंत्रज्ञान परत देते ते काळाने पुसलेले रंग. लंडनमधील वस्तूंच्या बाबतीत हरवली आहे ती जागा. बेनिनचा राजवाडा ब्रिटिश फौजेने १८९७ मध्ये लुटला. तेथून बाहेर गेलेली शिल्पे जगभर विखुरली, आणि बेनिनच्या ९०० हून अधिक वस्तू आज एकट्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यामुळे नायजेरियातून आलेला प्रेक्षक आणि लंडनचा शाळकरी मुलगा एकाच काचेसमोर उभे राहिले, तरी दोघांना दिसणारी गोष्ट एक नसते.

६/
अमरावतीच्या शिल्पांशी मराठी वाचकाचेही नाते आहे. कृष्णाकाठच्या या महास्तूपावर वासिष्ठीपुत्र पुळुमावी या सातवाहन राजाच्या काळातील शिलालेख सापडला. सातवाहनांची राजधानी पैठण, आणि याच पुळुमावीचा शिलालेख नाशिकच्या पांडवलेण्यांतही आहे. वॉल्टर इलियटने १८४५ मध्ये अमरावतीला उत्खनन केले. शिल्पे आधी मद्रासला गेली, १८५९ मध्ये लंडनला पोहोचली आणि १८८० मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आली.

७/
मात्र ही कथा केवळ परकीय लुटीची नाही. कॉलिन मॅकेन्झी अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे पोहोचला, तेव्हा स्थानिक जमीनदाराची माणसे बांधकामासाठी स्तूपाचे दगड आधीच काढून नेत होती. अर्ध्या मिनिटाच्या चित्रात इतकी गुंतागुंत मावणे कठीण. चित्राला एक खलनायक पुरतो, इतिहासाला पुरत नाही.

८/
याहून अवघड उदाहरण ऑस्ट्रेलियातील ग्वीगल ढालीचे. तीही या दहा वस्तूंपैकी एक. १७७० मध्ये कॅप्टन कुक बॉटनी बे येथे उतरला, तेव्हा झालेल्या झटापटीत ती ब्रिटिशांच्या हाती लागली, असे दीर्घकाळ मानले गेले. नंतरच्या तपासणीत तिचे लाकूड तांबड्या खारफुटीचे निघाले, आणि ते झाड बॉटनी बेच्या शेकडो किलोमीटर उत्तरेला वाढते. ही तीच ढाल आहे का, याविषयी आज अभ्यासकांना शंका आहे.

९/
म्हणून ग्वीगल लोकांची वेदना खोटी ठरत नाही. कुकच्या माणसांनी किनाऱ्यावर गोळीबार केला होता, हे त्यांच्याच नोंदी सांगतात. पण भिंतीवरच्या पाटीला 'बहुधा' हा शब्द लिहिता येतो. हलत्या चित्राला तो सहजी दाखवता येत नाही. हा दोष रोमच्या वेदीलाही चुकलेला नाही. तिथले रंगही पृथक्करण आणि तुलना यांवरून बांधलेले अनुमान आहे, पण पडद्यावर ते निःशंक होऊन झळकते.

१०/
दुसरा धोका अधिक गंभीर आहे. ब्रिटिश म्युझियमवर १९६३ च्या कायद्याचे बंधन आहे. काही मोजके अपवाद वगळता संग्रहातील वस्तू कायमची देऊन टाकता येत नाही. अशा वेळी पडद्यावर आवाज मिळवून देणे सोपे आणि स्वस्त ठरते. उद्या एखादे संग्रहालय म्हणेल, 'तुमची कथा आम्ही दाखवतोच, मग वस्तू कशाला हवी?' याला उत्तर लंडनमधूनच मिळाले आहे. हॉर्निमन संग्रहालयाने २०२२ मध्ये बेनिनच्या ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाकडे सोपवली. त्यासाठी कॅमेरा लागला नाही, विश्वस्तांचा निर्णय लागला.

११/
संग्रहालयातील पाटीसुद्धा कोणीतरी लिहिलेलीच असते. पण तिच्यापुढे वाचक थांबतो, शंका घेतो. पडद्यावरचे दृश्य त्याला तेवढी उसंत देत नाही. म्हणून फोन खाली ठेवल्यावर तीन प्रश्न विचारायला हवेत. हे चित्र कोणी रचले? त्यातले किती सिद्ध झाले आहे आणि किती अनुमान आहे? आणि ज्यांची ही वस्तू, त्यांना ती पाहायला अजून किती दूर यावे लागते?